आकाशवाणीची धून, गोधड्यांचा स्टुडिओ आणि हरवलेला तंबोरा

मागच्या लेखात जंगलात बांधलेल्या रेकॉर्डरांबद्दल लिहिलं होतं. या वेळी तोच रेकॉर्डर घरात आणल्यावर काय झालं, ते सांगते. गोष्ट घरगुती आहे, पण तिच्यामुळे माझ्या संशोधनातली एक चूक मला दिसली, म्हणून इथे लिहिते आहे.

नवीन वाचकांसाठी थोडक्यात: माझं पीएच.डी.चं काम एटापल्ली परिसरातल्या जंगलात चालतं. साग, ऐन, मोह, बांबू अशा मिश्र जंगलात झाडांना छोटे रेकॉर्डर बांधायचे, दर १० मिनिटांनी १ मिनिटाचा आवाज टिपायचा, आणि मग संगणकावर बसून त्यात कोणता पक्षी, कोणता किडा, कोणता बेडूक कधी बोलला ते शोधायचं. पावसाळ्यात नाले भरले की काही ठिकाणी जाताच येत नाही. यंदा असेच तीन आठवडे मी घरी अडकले.

घरात आबाजी आहेत. वय ८४, निवृत्त प्राथमिक शिक्षक. त्यांची जवळजवळ सगळी नोकरी या भागातल्या छोट्या शाळांवर झाली. पेपर यायचा तो एक-दोन दिवस शिळा, टीव्ही फार नंतर आला. रेडिओ मात्र कायम सोबतीला. पहाटे सहाच्या आधी ट्रान्झिस्टर लावायचा, आकाशवाणीची ती सुरुवातीची धून ऐकायची, मग चूल पेटायची. यंदा सेल पाझरून तो ट्रान्झिस्टर आतून गंजला आणि कायमचा बंद पडला. आबाजींना आता ऐकूही कमी येतं. चारचौघांत बोलणं कळत नाही म्हणून ते हळूहळू गप्प होत चाललेत. पण एक दिवस स्वतःहून म्हणाले, "माय, ते धून लावून दे न. बातम्या नको, फक्त धून."

मोबाईलवर शोधली, सापडली. पण सगळे तुकडे काही सेकंदांचे. आबाजी कान देऊन ऐकायला लागेपर्यंत संपून जायची. मी नागपूरला शिकताना सहा वर्षं व्हायोलिन शिकले होते. म्हटलं, आपणच वाजवून दोन मिनिटांची करू. एवढं काय अवघड आहे?

धून कुणाची?

ही धून वॉल्टर कॉफमन या संगीतकाराची मानली जाते. जन्म १९०७, कार्ल्सबाड, म्हणजे आजचं चेक देशातलं कार्लोव्ही व्हारी. ज्यू असल्यामुळे हिटलरच्या काळात युरोपात राहणं धोक्याचं झालं आणि १९३४ मध्ये ते मुंबईत आले. तिथे त्यांनी चेंबर म्युझिक सोसायटी सुरू केली, पुढे मुंबई रेडिओ केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचं काम पाहिलं. १९४६ पर्यंत ते भारतात होते. धुनेचं साल साधारणपणे १९३६ सांगतात. व्हायोलिनवर मेहली मेहता, म्हणजे झुबिन मेहतांचे वडील, असं सांगितलं जातं. मागे तंबोरा. राग शिवरंजनी: सा, रे, कोमल ग, प, ध, एवढेच पाच स्वर.

एटापल्लीशी या माणसाचा काय संबंध, असं मलाही वाटलं होतं. पण कॉफमन यांनी नंतर अमेरिकेत असताना, १९६० आणि १९६१ साली 'एथ्नोम्युझिकॉलॉजी' या नियतकालिकात दोन लेख लिहिले: एक हिल मारिया आणि बस्तरच्या मुरिया गोंडांच्या गाण्यांवर, दुसरा त्यांच्या वाद्यांवर. हिल मारिया म्हणजे इंद्रावतीपलीकडच्या अबुझमाडचे लोक, आपल्या भामरागड–एटापल्लीकडच्या माडियांचे भाऊबंदच. आबाजींच्या शाळेत ज्या पोरांचे आईबाप रात्री ढोल घेऊन नाचायचे, त्यांच्या नातेवाइकांचं संगीत या माणसाने कान देऊन ऐकलं होतं. हे वाचल्यावर धून जरा जवळची वाटायला लागली.

पहिला प्रयत्न: की-बोर्ड

व्हायोलिनच्या तारा जुन्या झाल्या होत्या, म्हणून सुरुवातीला की-बोर्डवर व्हायोलिनचा आवाज निवडून वाजवलं. मागे मोबाईलच्या अ‍ॅपमधला तंबोरा. ऐकून आबाजी म्हणाले, "हे त लग्नातला बाजा वाटते मले."

चूक कुठे झाली ते आकड्यांत पाहू. समजा आपला सा २४० हर्ट्झचा आहे, म्हणजे सेकंदाला २४० कंपनं. तंबोऱ्याशी गोड जुळणारा कोमल ग हा सा च्या ६/५ पट असतो, म्हणजे २८८ हर्ट्झ. की-बोर्डवर मात्र सप्तकाचे १२ अगदी सारखे भाग केलेले असतात. तिथे कोमल ग येतो २८५.४ हर्ट्झवर. फरक अडीच हर्ट्झचा. एवढ्याने काय होतं?

एकटा स्वर वाजवला तर फारसं काही होत नाही. पण तंबोरा सोबत असला की होतं. कुठलीही तार छेडली की मूळ स्वरासोबत त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे उपस्वर वाजतात. तंबोऱ्यात हे उपस्वर फार ठसठशीत असतात. कारण त्याची घोडी सपाट, किंचित उतरती असते आणि तारेखाली सुताचा धागा सरकवून जवारी काढलेली असते. मिरजेचे कारागीर हाताने घासून घासून ही जवारी जमवतात. आता २४० च्या सा चा सहावा उपस्वर १४४० हर्ट्झ. शुद्ध जुळलेल्या कोमल ग चा पाचवा उपस्वर २८८ × ५, तोही १४४०. दोन्ही एकमेकांत मिसळून जातात. की-बोर्डच्या ग चा पाचवा उपस्वर मात्र १४२७. दोघांत १३ चा फरक, म्हणून सेकंदाला १३ वेळा आवाज कमी-जास्त होतो. भौतिकशास्त्रात याला विस्पंद म्हणतात, कानाला ती खरखर वाटते. ध चंही तेच होतं: हवा ४००, की-बोर्ड देतो ४०३.६.

म्हणजे पाचपैकी दोन स्वर तंबोऱ्याशी भांडत होते, आणि नेमके तेच दोन, ज्यांच्यावर शिवरंजनीचा उदास रंग उभा आहे. आबाजींना हे आकडे माहीत नाहीत. पण त्यांनी आयुष्यभर ती धून ऐकली आहे, त्यांना फसवता आलं नाही.

दुसरा प्रयत्न: व्हायोलिन, आणि मोबाईलची हुशारी

आलापल्लीला जाणाऱ्या एकाकडून नव्या तारा मागवल्या. व्हायोलिनला पडदे नसतात, त्यामुळे बोट अर्धा केस सरकवून ग नेमका २८८ वर नेता येतो. आता जागेचा प्रश्न होता. आमच्या घरावर टिनाचं छप्पर, पाऊस आला की दुसरं काही ऐकूच येत नाही. दिवसा रस्त्यावर जड ट्रकांची घरघर. म्हणून पहाटे साडेतीन-चारची वेळ निवडली. खोलीच्या दोन भिंतींवर गोधड्या टांगल्या, जमिनीवर सतरंजी. उघड्या भिंतीवरून आवाज परत येतो आणि मूळ आवाजात मिसळून तो पोकळ करतो. गोधडीतल्या जुन्या लुगड्यांच्या थरांत वरच्या वारंवारतेचा आवाज अडकतो, तेवढा पडसाद कमी होतो. खालच्या वारंवारतेवर गोधडीचा काही परिणाम होत नाही, त्यासाठी फूटभर जाडी लागते. लॅपटॉपचा चार्जर काढून ठेवला, कारण विजेच्या ५० हर्ट्झचा गुणगुणाट रेकॉर्डिंगमध्ये हमखास शिरतो.

मोबाईल समोर ठेवून तंबोऱ्याचं अ‍ॅप दुसऱ्या फोनवर लावलं आणि वाजवलं. चांगलं झालं असं वाटलं. आबाजींनी दोनदा ऐकलं. म्हणाले, "धून तेच आहे. पन रेडिओ लागला नाई अजून."

मला राग आला, खोटं कशाला सांगू. पण हेडफोन लावून ऐकलं तर काय! तंबोरा जवळजवळ गायब. व्हायोलिन थांबलं की मागे नुसती शांतता, आणि व्हायोलिन सुरू झालं की तंबोऱ्याचं एक भूत सोबत येतं आणि जातं.

याचं कारण मोबाईलची हुशारी. फोन बोलण्यासाठी बनवलेला असतो. त्यात गोंगाट कमी करणारी पद्धत असते. तिचं मूळ रूप १९७९ मध्ये स्टीव्हन बोल यांनी मांडलेल्या एका पद्धतीत आहे. तत्त्व सोपं आहे. माणूस बोलतो तेव्हा आवाज सतत बदलतो. पंखा, इंजिन, गर्दीचा कलकलाट मात्र बराच वेळ एकसारखा राहतो. म्हणून यंत्र एकसारख्या आवाजाचा अंदाज घेतं, कोणत्या वारंवारतेवर तो किती आहे ते मोजतं आणि एकूण आवाजातून वजा करतं. राहतं ते बोलणं.

तंबोरा तर एकसारखाच वाजतो, ते त्याचं कामच आहे. फोनच्या हिशेबात तंबोरा आणि पंखा यांत काही फरक नाही. त्याने इमानेइतबारे तंबोरा पुसून टाकला.

तिसरा प्रयत्न: जंगलातला रेकॉर्डर

माझ्या जंगलातल्या रेकॉर्डरमध्ये अशी हुशारी नसते, मुद्दामच. तो सेकंदाला ४८,००० वेळा हवेचा दाब मोजतो आणि जसाच्या तसा लिहून ठेवतो. (सेकंदाला जितक्या वेळा मोजाल त्याच्या निम्म्यापर्यंतची वारंवारता पकडता येते. म्हणजे इथे २४,००० हर्ट्झ, माणसाच्या कानाला पुरून उरेल इतकी.) एक रेकॉर्डर गोधड्यांच्या खोलीत आणला. तंबोरा आधी वेगळा घेतला, मग हेडफोनमध्ये तो ऐकत व्हायोलिन वेगळं घेतलं आणि संगणकावर दोन्ही जुळवले.

जुळवताना तीन निर्णय घेतले.

पहिला, खालचे स्वर. ट्रकच्या घरघरीसारखे आवाज काढायला २०० हर्ट्झच्या खालचं सगळं कापायची मला सवय आहे. पण तंबोऱ्याचा खर्ज १२० हर्ट्झवर होता, तो कापला गेला असता. गंमत म्हणजे ट्रान्झिस्टरचा छोटा स्पीकर १२० हर्ट्झ वाजवूच शकत नव्हता. तरी आबाजींना खर्ज ऐकू यायचा. कारण २४०, ३६०, ४८० हे उपस्वर पोचले की त्यांच्यातलं अंतर पाहून मेंदू १२० चा मूळ स्वर स्वतःच भरून काढतो. मी खर्ज ठेवला.

दुसरा, वरचे स्वर. भारतात मीडियम वेव्हवर दोन केंद्रांमध्ये ९ किलोहर्ट्झचं अंतर ठेवतात. त्यात लहरीच्या दोन्ही बाजूंना आवाज बसवायचा असतो, म्हणून ढोबळमानाने साडेचार किलोहर्ट्झपर्यंतचाच आवाज नीट मावतो. व्हायोलिनच्या गजाची वरची सळसळ रेडिओवर कधी पोचलीच नव्हती. आणि वयानुसार ऐकणं कमी होतं तेही वरच्या वारंवारतेपासूनच. आबाजींच्या तपासणीचा आलेख २ किलोहर्ट्झनंतर घसरत जातो. म्हणजे जुना रेडिओ आणि म्हातारे कान, दोघांची खिडकी बरीचशी एकच. मी साडेचार किलोहर्ट्झच्या वरचं काढून टाकलं आणि १ ते २ किलोहर्ट्झचा पट्टा थोडा वाढवला. तो १४४० चा सांधा नेमका याच पट्ट्यात बसतो.

तिसरा, रचना. सुरुवातीला २० सेकंद फक्त तंबोरा. मग धून, मग शिवरंजनीचे चार सावकाश स्वर, पुन्हा धून, शेवटी तंबोरा हळूहळू विरत जातो. धून नवी केली ती एवढीच. स्वरांना हात लावला नाही.

पहाटे पावणेसहाला त्यांच्या उशाशी एक बऱ्यापैकी स्पीकर ठेवला आणि लावलं. व्हायोलिन सुरू व्हायच्या आधीच, नुसत्या तंबोऱ्यावर, आबाजी उठून बसले. "सहा वाजले का, माय?"

हा प्रयोग आहे का?

नाही. ऐकणारा एकच, त्याने आधीचे दोन प्रयत्न ऐकलेले, आणि वाजवणारी नात समोर आशेने बघत बसलेली. अशा निकालाला माझ्या मार्गदर्शकांनी दारातूनच परत पाठवलं असतं. म्हणून पुढच्या आठवड्यात जरा शहाण्यासारखं केलं. चार तुकडे बनवले: दोन्ही वाद्यं, नुसतं व्हायोलिन, नुसता तंबोरा, आणि की-बोर्ड. क्रम चिठ्ठ्या काढून ठरवला. तुकडे आईने लावले, मी बाहेर थांबले. नुसत्या व्हायोलिनला आबाजी म्हणाले, "बरं वाजवते." की-बोर्डला काहीच बोलले नाहीत. नुसत्या तंबोऱ्याला म्हणाले, "हं, मंग? पुढं लाव न."

तरीही ऐकणारा एकच, त्यामुळे यातून सगळ्या माणसांबद्दल काही सिद्ध होत नाही. पण माझ्या कामासाठी एवढा इशारा पुरेसा होता.

आणि जंगलात?

गेली दोन वर्षं माझ्या सगळ्या रेकॉर्डिंगवर मी पहिलं काम कोणतं करते? गोंगाट काढते. पद्धत तीच: जे एकसारखं वाजतंय त्याचा अंदाज घ्यायचा आणि वजा करायचं. मग पक्ष्यांची शीळ स्वच्छ दिसते. आणि जंगलात एकसारखं कोण वाजतं? रातकिडे, पावसाच्या तोंडावर झाडांवर कर्कश ओरडणारे सिकाडे, रात्रभर डबक्यात लागलेले बेडूक. जंगलाचा तंबोरा मी स्वतःच्या हाताने पुसत होते आणि वर 'स्वच्छ डेटा' असं फोल्डरला नाव देत होते.

बर्नी क्रॉस हे नाव या विषयात वारंवार येतं. ते आधी संगीतकार होते, १९६० च्या दशकात मूग सिंथेसायझर वाजवायचे, आणि नंतर जंगलातले आवाज टिपायला लागले. त्यांचं म्हणणं असं की एखाद्या जुन्या जंगलात प्रत्येक प्राणी आवाजाच्या पट्ट्यात आपली वेगळी जागा धरतो, जशी वाद्यवृंदात वाद्यं धरतात. या म्हणण्यावर वाद आहेत, सगळीकडे ते लागू पडत नाही. पण ते तपासायचं असेल तर सगळी वाद्यं रेकॉर्डिंगमध्ये हवीत की नाही? सिकाड्यांचा पट्टा आधीच वजा केला, तर त्या वेळी पक्षी त्या पट्ट्यापासून सरकून वर किंवा खाली गातात का, हा प्रश्न विचारताच येत नाही. तो माझ्या प्रबंधातला मुख्य प्रश्न आहे.

मूळ फाइली मी जपून ठेवल्या आहेत हे नशीब. आता त्या पुन्हा पहिल्यापासून तपासाव्या लागणार. चार-पाच महिने जातील. मार्गदर्शकांना सांगितलं तेव्हा ते थोडा वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "आत्ता कळलं ते बरं झालं. तोंडी परीक्षेत कळलं असतं तर?"

बरेच जण विचारतील म्हणून: रेकॉर्डिंग इथे टाकलेलं नाही. भारतात रचनेवरचा हक्क संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो, आणि कॉफमन १९८४ मध्ये गेले. घरच्यासाठी किंवा अभ्यासासाठी वाजवणं वेगळं, जगासमोर टाकणं वेगळं. तुम्हाला करून बघायचं असेल तर घरी करा. दोन फोन आणि एक गोधडी पुरते. आधी तंबोऱ्याचं अ‍ॅप एका फोनवर लावून ते दुसऱ्या फोनच्या बोलण्याच्या रेकॉर्डरवर टिपून बघा, किती उरतं ते. मग सेटिंगमध्ये गोंगाट कमी करण्याचा पर्याय सापडला तर बंद करून पुन्हा टिपा. फरक ऐकायला हेडफोन लागतात.

आबाजींकडे आता रोज पहाटे दोन मिनिटांची धून लागते. दुसऱ्यांदा धून येते तेव्हा मी ग वर जरा जास्त थांबले आहे, हे त्यांच्या लक्षात आलंय. परवा म्हणाले, "तिथं घाई नोको करू, पन झोपू पन नोको." पुढच्या पावसात पुन्हा वाजवून टिपेन. तोवर जंगलातले रस्ते मोकळे होतायत, आणि या वेळी सिकाड्यांना मी कुठेही वजा करणार नाहीये.